बेचाळीस वेढे

दिग्रस-आर्णी रस्त्यावर, पाण्याच्या टाकीला लागून
माझं मोटर वाइंडिंगचं दुकान.
हरभरा फुलावर आला की मोटरा जळतात.
रात्री दीडला थ्री-फेज येते, तीही लंगडत,
आणि सकाळी शटर अर्धं वर जायच्या आत
तिघे जण खांद्यावरचं ओझं उतरवून उभे:
"भाऊ, आजच पायजे."

सगळ्यांना आजच पायजे.
मी सगळ्यांना हो म्हणायचो.
हो म्हणायला तांबं लागत नाही.

दाराशी ढीग. कोणाची कोणती, ते माझ्या डोक्यात.
डोक्यातच गेडामांची साडेसात एचपी,
मुनाफभाईची कडबाकुट्टीची,
संपत आलेली तार, थकलेलं वीजबिल,
आणि घरून निघताना बायकोनं सांगितलेलं काहीतरी,
साखर की साबण.
हातात फॉर्मा. एका कॉइलला बेचाळीस वेढे.
एकोणतीस, तीस, एकतीस,
फोन.
"झाली का, भाऊ?"
"होऊनच राह्यली."
एकतीस होते की एकेचाळीस?
उलगडा. पुन्हा एकपासून.

पौषात एक दिवस उकंडा राठोडची मोटर
मी चिंचोलीच्या माणसाला देऊन बसलो.
उकंडा भांडला नाही.
दुकानाबाहेर उकिडवा बसला, चहा नको म्हणाला,
दिवेलागणीपर्यंत तसाच.
भांडला असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री एक जळकी मोटर उघडली.
उघडली की कळतं कशानं गेली.
एक फेज तुटली असेल तर दोन भाग काळे, एक लखलखीत.
ओझ्यानं गेली असेल तर सगळ्या कॉइली सारख्याच काळ्या,
बोट ठेवावं अशी एकही जागा नाही.
बराच वेळ बघत बसलो.
मग हात धुऊन घरी गेलो.
साखरही नाही, साबणही नाही.

रोषणा मेश्राम, आयटीआयला वायरमनच्या दुसऱ्या वर्षाला,
शिकायला म्हणून यायची.
तिनं दुसऱ्या दिवशी ढीग बाहेर काढला, फरशी झाडली,
खडूनं चार चौकोन आखले:
आली. उघडली. भरली. वाळते.
"उघडलेल्या तीनच राहतीन."
"अन् चवथी आली तं?"
"'आली'त बसन."
"अन् मानूस?"
"तो घरी जाईन, भाऊ. आपन त्याले वार सांगू."

वार!
वीस वर्षांत मी कोणाला वार सांगितला नव्हता.
'उद्या' सांगायचो,
जे कोणत्याच कॅलेंडरात छापलेलं नसतं.

भिंतीत खिळे, खिळ्यांना चिठ्ठ्या,
मोटरांच्या पाठीवर पांढऱ्या रंगात आकडे.
तारेच्या रिळावर लाल खूण,
ती दिसली की यवतमाळला निरोप.
फोन बारापर्यंत तिच्याकडे,
बांबूच्या काड्यांच्या डब्यात गुरगुरत.
पहिल्या आठवड्यात दोघे चिडून आर्णीला गेले.
एक परत आला. दुसऱ्याचं माहीत नाही.

वार्निश तेवढं आधीपासूनच शहाणं.
दोनशेच्या बल्बखाली रात्रभर वाळतं,
सरपंचाची मोटर असली तरी रात्रभरच.

सगळं सुरळीत झालं, असं नाही.
एका पहाटे अकरा मोटरा आल्या,
रेघा पायांखाली पुसल्या,
मी एकाला हळूच "आज देतो" म्हणालो
आणि रोषणा दिवसभर माझ्याशी बोलली नाही.
चौकोन पुन्हा आखले. या वेळी ऑइलपेंटनं.

आज शुक्रवार. उकंडा आलाय.
खिळ्यावरची चिठ्ठी अक्षरं जुळवत वाचतो: श, नि, वा, र.
तरी दारातून विचारतोच, "झाली का?"
मी मान वर करत नाही.
अडतीस. एकोणचाळीस.
रोषणा म्हणते,
"थांबा काका. भाऊ मोजून राह्यले."