वाचकसंख्या

पहिल्या अंकाला एक्केचाळीस वाचक.
त्यात नऊ वेळा मीच,
हे मुलांना सांगितलं नाही.

तन्वेष म्हणाला, सर, आपले मथळे झोपाळू आहेत.
म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर
संपादक मंडळाला कुमठेकर रस्त्यावर नेलं,
दुकानांच्या पाट्या वाचायला.
'पॅटिस संपले. परत कधी, ते विचारू नये.'
वहीत उतरवा, म्हटलं.
कर्ता, क्रियापद आणि थोडं भांडण.

मग एकशे वीस.
स्नेहसंमेलनाच्या फोटोंना तीनशे;
आया आपापलं मूल शोधायच्या
आणि निघून जायच्या.

इरफाना तांबोळीची बातमी चौदा ओळींची:
मुलींच्या स्वच्छतागृहाला जूनपासून कडी नाही,
एक आत जाते, दुसरी दार धरून उभी राहते,
धरणारीचा गणिताचा तास बुडतो.
मी लाल पेनानं 'जूनपासून' खोडलं.
ती म्हणाली, मग काय लिहू सर,
जुलैपासून?

रात्री खडकीच्या बसमध्ये, दांड्याला लोंबकळत,
अंगठ्यानं
तो एक शब्द परत घातला.

सोमवारी दोन हजार सहा.
मोठ्या बाईंनी बोलावलं. खुर्ची दाखवली नाही.
हे सगळं वाचतं तरी कोण, म्हणाल्या.
मला आकडा पाठ होता,
पण तो उत्तर वाटेना.

बाहेर आलो तर बाकावर इरफाना,
मांडीवर पुढच्या अंकाची वही.
समोर शाळेचे सुतारमामा,
मुठीत स्क्रू खुळखुळवत विचारताहेत,
नक्की कुठलं दार?

तिन्ही, ती म्हणाली,
वर न बघता.