गवताचा क्रमांक

कड्याचं बर्फ सुटलं तेव्हा
मातीतून एक बूट डोकावला,
सीलच्या कातड्याचा, माझ्या तळहाताएवढा.
पुढच्या भरतीला समुद्र नेणारच होता.
नुकाने पालथं पडून आधी उचलला.

आता तो माझ्याकडे, शीतपेटीत, उणे वीसमध्ये.
वरच्या कप्प्यात भावाने आणलेलं व्हेलचं मांस.
नियमात बसत नाही,
पण घरची पेटी भरलीय.

बुटात गवत होतं, घोट्यापर्यंत ठासलेलं.
कोपनहेगनहून पत्र आलं :
काढा, बुरशी धरेल, स्वतंत्र नोंद करा.
चिमट्याने काढलं. काडी न् काडी.
बूट ४१७.
गवत ४१८, तळघरात, कोरड्या खोलीत.

टाके ओळखायला अर्नाजाराकला बोलावलं.
चष्मा कपाळावर सारून
शिवण तिने नाकाशी धरली.
‘दोघींच्या हातची. चवडा निवांत, टाच घाईची.
मधे एक दगावली असेल.
नाहीतर रुसली.’
मी लिहून घेतलं.
‘रुसली’ तेवढं खोडलं.

मग तिने दोन बोटं आत घातली.
‘गवत कुठाय?’
‘चारशे अठरा,’ म्हणाले.
थंडीत लेकरू अनवाणी धाडणाऱ्या बाईकडे
बघावं तशी बघत राहिली.

ती गेल्यावर खोडलेलं पुन्हा लिहिलं.
तळघरातून पिशवी आणली.
एका बुटात दोन क्रमांक मावत नाहीत,
पण एका कप्प्यात मावतात.
भावाला फोन केला :
मांस घेऊन जा,
आज रात्रीच खाऊन टाकू.