बाद कार्डांच्या पाठीवर

चुकलेलं कार्ड शेठ फेकू देत नाही.
पुठ्ठा काय झाडाला लागतो का, म्हणतो.
लागतो, खरं तर. पण मी बोलत नाही,
कार्ड घरी आणतो, पाठीवर लिहितो.
भोकं आधीच पडलेली असतात,
शब्द त्यांना वळसा घालून जातात.
एखादा नेमका भोकावरच येतो,
तो सोडून द्यायचा.
माझा संशय आहे, चांगला तोच असतो.

*

भोक असेल तिथं दोरा उचलतो,
नसेल तिथं निजून राहतो.
चौतीस वर्षं झाली,
लोक विचारतात, मोर तुम्ही काढता?
मी पुठ्ठा काढतो. मोर येतो.

*

पोराला निबंध होता : कर्तव्य.
त्यानं आईला विचारलं.
लसुमव्वा सूप मांडीवर घेऊन पान कातरत होती,
मान वर न करता म्हणाली, हजार.
पोरगं थांबलं, पुढं काही येईल म्हणून.
पुढं तिनं विडीला दोरा गुंडाळला.
हजारातल्या चाळीस-पन्नास छाट म्हणून बाजूला पडतात,
त्यांचे पैसे नाहीत,
पण ओढतं कुणीतरी त्याही.
माझी बाद कार्डं मलाच वाचावी लागतात.

*

एप्रिलात विडी घरकुलात सगळे बाहेर झोपतात.
पाणी मारलेली फरशी रात्री एक वाजताही तव्यासारखी,
अंगावर पंचासुद्धा सोसवत नाही,
आणि उशाशी उद्याचं काम :
सिमल्याला जाणाऱ्या जाड चादरींची नक्षी.
गार गावांचं पांघरूण आम्ही घामात विणतो.
तक्रार नाही.
थंडी मला मापानं ठाऊक आहे,
साठ बाय नव्वद.

*

इच्छा एकच होती, सांगायला लाज वाटते.
माळढोक.
नान्नजच्या माळावर एकदा बघितला,
उधारी वसूल करायला गेलो होतो. मिळाली नाही.
गवतातनं मान काढून तो उभा,
जणू त्याचंही कुणाकडं येणं होतं
आणि तो मागणार नव्हता.

तीन वर्षं ग्राफच्या कागदावर चौकोन भरले.
व्यापारी म्हणाला, शहामृग चालत नाही, गुलाब द्या.
मग शेठ लग्नाला हैदराबादला गेला त्या रात्री
मी माळ मागावर चढवली. एकच चादर.
अकरा कार्डं उलटी ओवली गेली होती.
मानेचा तुकडा पार दुसऱ्या काठाला गेला,
डोकं वर, हवेत,
तसंच बघत राहिलं.

सकाळी हमालानं ती गठ्ठ्यात बांधून टाकली.
पावतीवर शाई पसरली होती.
कुणीतरी ओढत असेल ती तोंडावर,
पायाकडची बाजू डोक्याकडं घेत असेल.

भाच्याला सांगितलं तर हसला,
पेनड्राइव्ह दाखवला :
मामा, ह्यात चारशे बागा आहेत.
मी तो उजेडाकडं धरला, सवयीनं.
आरपार काही दिसलं नाही.

*

हे दुसरं कार्ड.
पहिलं लसुमव्वानं ओढून घेतलं, वारा घ्यायला,
लाइट गेली आहे.
भोकांतनं थोडा वारा निसटतो, मी म्हटलं.
असू दे, म्हणाली,
तेवढा तुम्हाला.