फणसावरून

चौतीस वर्षं फेरीबोटीवर दोर टाकला.
माणसं, स्कूटरी, पावाचे हारे, एकदा तर पियानो
रायबंदरहून चोडणला आणला.
परवा आणला राउटर,
मांडीवर, पिशवीत, सोललेल्या नारळासारखा जपून.

पणजीतला दुकानदार विचारतो, काका, घर केवढं?
म्हटलं, सहा खण. भिंती चिऱ्याच्या, दीड हात जाड.
तो गप्प झाला,
नाडी धरून वैद्य होतो तसा.
मग दोन खोकी पुढं ठेवली,
एकाला दोन शिंगं, एकाला सहा.
पाचवाला धावतो, म्हणाला, पण भिंत आली की दमतो.
दोन पॉइंट चारवाला सावकाश,
पण भिंतीतून जातो.
सहा शिंगांत दोघंही आहेत. चार हजार आठशे.

मितालीनं सांगितलेलं मी तळहातावर लिहून नेलं होतं.
फेरीत घामानं पुसलं,
नुसतं 'ड्यु' उरलं.
ते दाखवलं. तो म्हणाला, हो, हेच ते.
कंपनीचा फुकट मिळतो, हेही बोलला,
पण तोंड असं केलं
की पुढं विचारलं नाही.

यतीन आला साडेदहाच्या फेरीनं, शिडी आडवी धरून.
तार म्हणे काचेची. केसाएवढी.
खांब रस्त्याला, आमचं घर आत,
मध्ये पियेदादचा फणस.

आता हे सांगायला हवं.
पियेदादशी सात वर्षं बोलणं नाही.
कुंपणाचा एक दगड, दीड वीत इकडं की तिकडं,
त्याची फाईल मामलेदाराकडं.
तिच्या आईच्या मयताला गेलो
तेव्हाही फाटकाबाहेरच उभा होतो.

यतीनला म्हटलं, तूच विचार.
तो म्हणाला, गिऱ्हाइकानं विचारायचं, कंपनीचा नियम आहे.
असा नियम नसणार. पोरगं दमलं होतं.

ती बाल्कांवात बिंबलांना मीठ लावत बसलेली.
म्हटलं, तार.
कसली?
काचेची.
तिनं फणसाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"फळांक लागची ना मरे?"
सात वर्षांतलं पहिलं वाक्य.
मी मान हलवली.
ती मीठ चोळत राहिली, खूप वेळ,
मग खाली बघूनच,
"वायफाय म्हाकाय जाय. चली लिस्बनांत आसा."

दुपारी तार गेली फणसावरून.
डबीवर दिवा लाल.
रात्री लाल, सकाळी लाल.
हेल्पलाइनवरली बाई म्हणते, आपली विनंती प्रक्रियेत आहे.
मामलेदारही हेच म्हणतो,
हिचा आवाज तेवढा गोड.
तिसऱ्या दिवशी मोबाईलवर सहा आकडे आले,
चष्मा सापडेतो त्यांची मुदत संपली.
परत मागवले. मी वाचतोय, मिताली ओरडतेय, बाबा, सात की एक,
आणि हिरवा लागला.
हिरवा म्हणजे उजवी बाजू;
सवयीनं माझा हात दोराकडं गेला.

पासवर्ड? आठ अक्षरं हवीत, मिताली म्हणाली, विसरणार नाही असं काहीतरी.
मी त्या दगडाचा सर्व्हे नंबर सांगितला,
११२/१४-A.
मोजलं, बरोबर आठ.
पियेदादला लिहून द्यावा लागला नाही.

मितालीचं टेबल मागच्या खोलीत. तिथं येतात दोन काड्या,
कधी एक.
पियेदादच्या बाल्कांवात चारच्या चार.
रात्री तिकडून आवाज येतो, "माय, दिसता मगे?"
आणि ती मोबाईल कानाला लावते, दर वेळी,
तिच्या मुलीला नुसता कान दिसत असणार.

चौदाला तारीख आहे.
आठ वाजताच्या फेरीनं जाऊ दोघं.
ती पुढं, मी इंजिनपाशी,
नेहमी जातो तसेच.


बघू.