गाड्याला सुट्टी

सव्वीस जानेवारीला पहाटेच भेळेच्या गाड्याचा आस तुटला.
वेल्डर म्हणाला, पोराच्या शाळेत झेंडावंदन आहे,
उद्या बघू.
वर्षातला खरा धंद्याचा दिवस
आणि घरात चुरमुऱ्यांची दोन पोती.
मालन पोत्यांकडं बघत बसली,
मग ट्रंकेतली मोरपंखी साडी झटकत म्हणाली,
चला की मग. आपलं गाव तरी बघू.

बावीस वर्षं रंकाळ्यावर उभा राहून
मी परगावच्यांना रस्ता सांगतो.
देवळाला सरळ, म्युझियमला केएमटी,
चपला घ्यायच्या तर घासाघीस करा, लाजू नका.
सगळं तोंडपाठ.
बघितलेलं काहीच नाही.

न्यू पॅलेसच्या खिडकीपाशी
दोन तिकिटं म्हणजे किती भेळी
हा हिशेब मी मनात केला, तिनं ओठांत.
आत पेंढा भरलेला वाघ.
मालन त्याच्यासमोर उभी राहिली, पाय बदलत,
आणि हळूच म्हणाली,
ह्यालापण कुणी बस म्हणालं नाही बघा.
लोक तलवारी बघत पुढं सरकत होते.
मी एका घंगाळापाशी अडकलो.
ह्यात चुरमुरे किती मावतील?

देवळाची रांग बघून
आम्ही मुखदर्शनावर भागवलं.
अंबाबाई जवळचीच, ती समजून घेते.
चौकाचौकांत जिलेबीचे मांडव.
पाव किलो घेतली, उभ्यानं खाल्ली.
मालननं पाक पुसलेला कागद बोटांत चोळून पाहिला:
आपला जाड असतो.

खासबागेत कुणीच नव्हतं.
लाल मातीवर एक कावळा, मालकासारखा.
तिचा बाप इथं एकदा कुस्ती हरला होता.
माहेरी ती गोष्ट
जिंकल्यासारखी सांगतात.
पायरीवर बसून तिनं विचारलं,
कुठल्या अंगाला पाडला असंल आबांना?
मी उगाच एक बोट दाखवलं.
ती बराच वेळ तिथंच बघत राहिली.
कावळा उडाला तरी.

पाय शेवटी रंकाळ्यालाच आले,
त्यांना दुसरी वाट ठाऊक नाही.
आमच्या जागेवर कुणाची तरी बुलेट लावलेली.
कट्ट्यावर बसलो, पाय पाण्याकडं सोडून.
आणि तेव्हा कळलं,
बावीस वर्षं आम्ही तळ्याकडं पाठ करून उभे आहोत.
गिऱ्हाईक रस्त्याच्या अंगानं येतं.
सूर्य बुडतोय हे
आम्हाला त्यांच्या तोंडांवरून कळायचं,
तोंडं तांबडी झाली की मी बत्ती लावायचो.

कांदा-नको बाई समोरून गेल्या.
दर रविवारच्या. पोराची दहावी, नवऱ्याची साखर,
सगळं आम्हाला माहीत.
आमच्याकडं बघितलं, ओळखलं नाही.
मालननं हसायला उघडलेलं तोंड
पदरानं पुसून घेतलं.

रफिकच्या गाड्यावर भेळ घेतली.
पैसे घेईना, मग कागदाखाली नोट सरकवली.
चिंच कमी आहे, मी म्हणालो.
तिनं मांडीला चिमटा काढला.
खावा गप.
मग तिनंही दुसऱ्या घासाला मान हलवली:
कमीच आहे.

अंधारताना ती नंदीची गोष्ट सांगू लागली,
मला माहीत असलेलीच.
रोज गव्हाभर पुढं सरकतो,
तांदळाभर मागं येतो.
तळ्याला टेकला की जग बुडणार.
मी म्हटलं, आपलं पासबुक तसंच आहे.
ती हसली नाही.
पाण्यावर पलीकडचे दिवे लांबट होऊन हलत होते,
ते ती मोजत होती की काय, कळेना.

परतताना, बसच्या खांबाला धरून,
एकदम म्हणाली:
उद्या गाडा जरासा तिरका लावू या?
म्हटलं, गिऱ्हाइकाला पाठ दाखवायची?
पाठ कुठं. जरासाच.
गव्हाभर.

मी म्हटलं, आधी आस तर जुळू दे.