पावती क्रमांक ११७

दुकान मोडलं तेव्हा बाकी सगळं भंगारवाल्यानं नेलं,
हा एक रेडिओ तेवढा घरी आला.
लाकडी खोका, तीन बटणं, त्यातलं एक माझ्या डब्यातलं,
आणि सुतळीनं बांधलेली चिठ्ठी:
हसीब अन्सारी, मोमीनपुरा.
आवाज येत नाही.
जमा पाच, बाकी बारा.

आवाज तिसऱ्याच दिवशी आला होता.
स्पीकरची तार सुटलेली, बस.
एक टाका मारला आणि अख्ख्या बडकस चौकाला
संध्याकाळचे भाव ऐकवले:
तूर, सरकी, मृगबहाराची संत्री.
मालक आला नाही.
थांबायचे पैसे आम्ही लावत नसू.

एकदा गेलोही होतो मोमीनपुऱ्यात, सायकलला रेडिओ बांधून.
हसीब अन्सारी चार निघाले.
चौघांनी चहा पाजला.
रेडिओ एकाचाही नव्हता.

मागच्या दिवाळीत पुतण्या म्हणाला,
मोठेबाबा, हा आता इंटरनेटचा करून टाकू.
काड्यापेटीएवढी हिरवी पाटी आणली त्यानं,
आणि आतलं सगळं काढून परातीत मांडलं,
कॉइल, गँग, माझ्याहून म्हातारे कंडेन्सर.
मी दारात उभा, ऑपरेशनच्या बाहेर
घरचा माणूस असतो तसा.
काटा ठेव रे, एवढंच म्हणालो.

ठेवला त्यानं.
काचेवर कोलंबो लिहिलंय तिथं आता
नॉर्वेच्या एका बेटाचं हवामान लागतं;
भाषा कळत नाही, पण बाई वारा सांगते आहे
हे तिच्या श्वासावरून कळतं.
पेकिंगवर ब्राझीलचा फुटबॉल.
लंडनवर भंडाऱ्याची पोरगी,
दर गुरुवारी एक तलाव सांगते.
पॉडकास्ट म्हणतात त्याला.
मोबाईलवर पण ऐकता येतं, पुतण्या सांगतो.
येत असेल. मोबाईल मध्येच वाजतो,
कुणाचं तरी लग्न निघतं, कुणाचं तरी कर्ज.
हा खोका दुसरं काहीच करत नाही.

एकच खटकलं.
इतकं साफ, की दोन स्टेशनांच्या मध्ये काहीच नाही,
अंधारात पायरी चुकावी तसं.
खरखर पाहिजे, म्हणालो.
हसला पोट्टा. मग ऐन थंडीत कुलर सुरू करून
त्याच्या तोंडाशी फोन धरून बसला,
आणि ती घरघर भरून दिली मधल्या जागेत.
आता मे महिन्यात घोटाळा होतो.
मी काटा धरून बसलेला असतो, आता लागेल, आता लागेल,
ही आतून ओरडते,
काही नाही लागून रायलं बाप्पा, कुलर होय तो!

परवाच्या गुरुवारी भंडाऱ्याची पोरगी
एका तलावाच्या पाळीवर उभी होती.
पाण्याचा आवाज येत होता, टिटवी मधे बोलत होती.
म्हणाली, याचं नाव गावात कुणालाच आठवत नाही,
ठाऊक असेल त्यांनी कळवा.
मग घोटभर पाणी प्यायली, तेही ऐकू आलं.

तिच्याजवळ तलाव आहे, नाव नाही.
माझ्याजवळ नाव.

उद्या हसीब अन्सारी आलेच तर काय दाखवू?
खोका त्यांचा, काटा त्यांचा.
पोट बदललं.
स्पीकर मात्र जुनाच आहे, पुतण्यानं काढला नाही,
चांगला बोलतो म्हणाला.
म्हणजे तो टाकाही अजून आत आहे,
नॉर्वेचा वारा त्याच्यातूनच जातो,
आणि रात्री लाईट गेली की
तिथंच येऊन थांबतो.

ही म्हणते, चिठ्ठी काढा आता, धूळ बसते.
मी पुसतो तिला, काढत नाही.
खाली "आवाज येतो" असं लिहिणार होतो एकदा,
पेनही घेतलं.
पण आमच्या दुकानात ते मालकानं ऐकल्यावर
मालकाच्या सहीनं लिहायची रीत होती.