ठिबक

जळगावात, कॉलेजच्या मागच्या खोलीत
पंखा बंद; वाऱ्यानं आकडे हलतात.
झेलाबाई कोळी, चोपड्याकडच्या, वय बावन्न.
थंडीत डाव्या हाताची बोटं पांढरी पडतात.
अंगठा नको म्हणाल्या, सही केली.
सहीला वेळ लागला.

मनगटाच्या आत, दोन दोऱ्यांमध्ये सुई.
बोटाच्या टोकाला लाल दिवा,
दिव्यातून पडद्यावर रेघ:
रक्त किती, कुठल्या वेगानं.

"आम्ही बी केळीमा हाईच करतस, ताई."
ठिबकची नळी क्षारानं बुजते,
टाचणी टोचली की पाणी सुटतं.
फार आत नाही घालायची,
भोक वाढलं तर शेवटचं झाड कोरडं.

मी मान हलवली नाही.
नियम आहे, चेहरा कोरा ठेवायचा.

अकराव्या मिनिटाला रेघ चढली.
"मना हात गरम व्हयना."
मी वेळ लिहिली.

मार्चमध्ये लिफाफे उघडले.
झेलाबाई, गट ब:
बोथट सुई, कातडीला टेकून
स्वतःच्याच दांड्यात सरकणारी.
आत गेलीच नव्हती.

सर म्हणाले, हल्ली बऱ्याच ठिकाणी असंच येतं,
खऱ्या-खोट्याच्या रेघा जवळजवळ.
लिहा, अधिक अभ्यास हवा.
लिहिलं.

दिवाळीनंतर त्यांचा फोन.
बोटं परत पांढरी झालीत,
ती सुई परत कधी?

मी शब्द जुळवत होते,
तेवढ्यात पलीकडे लाइट आली,
मोटर घुरघुरली,
आणि झेलाबाई फोन चालूच ठेवून
केळीत पळाल्या.